पाव लिटर आणि मूठभर जोंधळे

“मिक्सर कुठं गेला?” इंदूनं स्वयंपाकघरातून विचारलं, तेव्हा मिक्सर परसात माझ्या दोन पायांच्या मध्ये होता आणि त्याच्या वरच्या भोकातून मोटारसायकलच्या स्पीडोमीटरची केबल बाहेर आली होती.

“कुठला मिक्सर?” मी म्हणालो.

“घरात किती आहेत?”

ती दारात आली. हातात ओल्या खोबऱ्याचं ताट. तिनं आधी मिक्सरकडं बघितलं, मग केबलकडं, मग केबलच्या टोकाला मी बांधलेल्या सळईकडं. सळईला चीर पाडून मी तिच्यात पॉलिश पेपरची पट्टी अडकवली होती. समोर पोत्यावर माझ्या मोटारसायकलच्या इंजिनाचं हेड पडलं होतं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं. त्याला दोन भोकं असतात, एकातून हवा आणि पेट्रोल आत जातं, दुसऱ्यातून धूर बाहेर येतो.

“हा मिक्सर माझ्या ताईनं दिलाय आहेरात,” इंदू म्हणाली.

“दौलतरावांनी दिलाय.”

“तेच. म्हणजे दौलतरावांना हरवायला दौलतरावांचाच मिक्सर.”

“बरोबर. युद्धात असंच असतं.”

“आणि चटणी कशात वाटू?”

“पाटा-वरवंटा आहे की. पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला येते का?”

ती आत गेली. त्या दिवशी वरवंट्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू गेला म्हणतात. खोबरं इतकं बारीक वाटायची गरज नव्हती.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो. गोष्ट नव्वद सालच्या आसपासची, कोल्हापुरातली. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. आणि ते लग्न, खरं बोलायचं तर, एका बुलेटमुळं झालं होतं.

मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा सरनोबतांच्या दारात ती उभी होती. काळी, टाकीवर सोनेरी रेघ, चाकाची तार न् तार पुसलेली. मी चप्पल काढायचं विसरून तशीच घरात नेली. आत पोहे आले, मुलगी आली. मुलीला काहीतरी विचारा म्हणून सगळे मागं लागले. मी विचारलं, “दारातली गाडी कोण चालवतं?”

मुलगी मान खाली घालून म्हणाली, “मी.”

सगळे हसले. मीही हसलो. बाहेर आल्यावर आईला म्हणालो, “मुलगी विनोदी आहे, आपल्याला पसंत आहे.” आई म्हणाली, “तू तिच्याकडं बघितलंस कधी?” ती आईची नेहमीची सवय, नको तिथं बरोबर प्रश्न विचारायची.

माझे सासरे रंगराव सरनोबत, ज्यांना मी मामा म्हणायचो, जकात नाक्यावरून रिटायर झालेले. गुडघे गेल्यामुळं गेली काही वर्षं त्यांचा पाय किकवर पडत नव्हता. तरी गाडी कधीही गेलं की एका किकमध्ये सुरू व्हायची. कशी, हे मी कधी विचारलं नाही. गाडी चांगली असली की माणूस प्रश्न विचारत नाही. सुरू झाली की मी नुसता जवळ उभा राहून ऐकायचो, आणि परत येताना इंदूला म्हणायचो, “तुझं माहेर फार चांगलं आहे.”

अडचण एकच होती. मामांना दोन जावई होते.

थोरले दौलतराव इंगवले. विम्याचे एजंट. माणूस एवढा गोड की त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपण लवकर मरणार अशी खात्रीच व्हायची. दौलतरावांकडं आणि माझ्याकडं एकाच कंपनीची, एकाच रंगाची शंभर सीसीची मोटारसायकल होती. मी त्यांच्यानंतर घेतली, म्हणून ते मला बघितलं की मागच्या चाकाला बूट लावून विचारायचे, “काय साडूभाऊ, ॲव्हरेज किती देतीय?”

त्या काळात कोल्हापुरात माणसाला तब्येत नंतर विचारायचे, गाडीचं ॲव्हरेज आधी. मी म्हणायचो, “सत्तर.” दौलतराव हळहळायचे. एखाद्याच्या घरात आजारपण असल्यासारखे. “आमची बघा, संक्रांतीला पंचाहत्तर देत होती. पाडव्याला अठ्ठ्याहत्तर. परवा बेंदराला मोजलं, ब्याऐंशी.” त्यांचं ॲव्हरेज सण बघून वाढत होतं. दिवाळीपर्यंत ती गाडी पेट्रोल परत द्यायला लागणार असं दिसत होतं.

एकदा जेवताना त्यांनी मामांच्या समोर हे ब्याऐंशी काढलं. मी म्हणालो, “मोजून दाखवा.” ते म्हणाले, “कधीही.” मामांनी भाकरी मोडता मोडता वर बघितलं.

“आमची तालीम दसऱ्याला रंकाळ्यावर शर्यत घेणाराय,” मामा म्हणाले. “पाव लिटर पेट्रोलवर कुणाची गाडी किती लांब जातीय ती. घाला की भाग.” मग घासभर थांबून म्हणाले, “तसं बी ही बुलेट माझ्यानं आता होत न्हाई. माझ्या घरातलं जे कोण पाव लिटरवर सगळ्यात लांब जाईल, त्याला किल्ली दिली.”

माझा घास तोंडातच राहिला. दौलतरावांचाही राहिला. इंदू वाढत होती, तिनं माझ्या ताटात न मागता आमटी ओतली आणि ती ताटाबाहेर गेली. मला वाटलं, आनंदानं हात हलला.

तर मग मी विचार केला. दोन्ही गाड्या सारख्या, मग माझी लांब जाणार कशी? उत्तर मला रद्दीच्या दुकानात मिळालं, एका इंग्रजी मासिकात. डिक्शनरी घेऊन दोन आठवडे तेवढा एकच लेख वाचला. त्यात लिहिलं होतं, की कारखान्यात हेड ओततात तेव्हा त्या दोन वाटा आतून खडबडीत राहतात. त्या घासून गुळगुळीत केल्या की इंजिन मोकळा श्वास घेतं. फोटोत एक गोरा माणूस हातात छोटं मशीन घेऊन घासत होता. तसलं मशीन आपल्याकडं नव्हतं. पण लेखात त्याचा वेग दिला होता, तो वाचला आणि मग घरात तसं फिरणारं काय आहे ते आठवलं.

आईला मी समजावून सांगितलं. आई म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट. ती म्हणाली, “चांगली चालती गाडी खोलून का बसलायस?”

“आई, नाकात शेंबूड साठला तर नीट श्वास घेता येतो का?”

“न्हाई.”

“गाडीचं तसंच झालंय.”

“मग शिंकरून टाक की,” आई म्हणाली. “त्याला मिक्सर कशाला?”

पहिल्यांदा मी मिक्सर तीन नंबरवर लावला. ती चूक झाली. केबल हातातून सुटली, परसभर फिरली, दोरीवरचं माझं धोतर, म्हणजे पूजेला नेसतो ते, गोळा करून घेतलं, तुळशीच्या कट्ट्याला एक फटका मारला आणि मग मिक्सरच तिच्या मागं चालायला लागला. वायर संपली तेव्हा थांबला. शेजारच्या मांजराला त्यानंतर मी आमच्या परसात कधी बघितलं नाही.

एक नंबरवर मात्र काम झकास जमलं. सळई भोकात घालायची, हळूहळू फिरवायची, बोट घालून बघायचं. आत आधी हाताला खरखर लागायची, आठवड्यानं लागेना झाली. मग बारीक पेपर घेतला. मग त्याहून बारीक. ॲल्युमिनियमचा भुगा सगळीकडं. माझ्या मिशांत, कपड्यांत, एकदा आमटीत. आई म्हणाली, “आज आमटीला वर्ख लावलाय व्हय?” इंदू म्हणाली, “तुमच्या लेकाचा पाहुणचार आहे आई, खा.”

मासिकात लिहिलं होतं, आत जायची वाट फार चकचकीत करू नका, बाहेर जायची केली तरी चालेल. पण एकदा पॉलिशची चटक लागली की मासिक काय म्हणतं हे कोण बघतो? शेवटी मी चिंच आणि राख लावून तांब्याच्या हंड्यासारखी दोन्ही भोकं उजळली. आत बघितलं तर माझाच डोळा माझ्याकडं बघत होता. त्याच संध्याकाळी मिक्सरमधून खमंग वास आला, धूर निघाला आणि तो गेला.

“आता?” इंदूनं विचारलं.

“काम झालंय.”

“माझं कुठं झालंय?” एवढंच म्हणून ती पाटा धुवायला गेली.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. मी सकाळी उठून हेड गाडीवर चढवायला परसात गेलो, तर पोतं रिकामं. हेड देवघरात पाटावर होतं. त्याच्या शेजारी माझे सगळे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी, विळी, कोयता, आणि मेलेला मिक्सर. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं एकेक फूल.

“आई, मला हेड पाहिजे. आज गाडी जोडायचीय.”

“आज? खंडेनवमीला? पुजलेलं हत्यार आज हलवायचं न्हाई. उद्या दसरा उजाडला की उचल.”

“उद्या सकाळी दहाला शर्यत आहे.”

“मग नऊला जोड.”

“पाने तरी दे.”

“पान्याला काय वेगळा देव हाय?”

मी इंदूकडं बघितलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि हेडला हात जोडले. आई हेडसमोर वाकून बघत होती. “किती उजळलंय बाई,” ती म्हणाली, “पर एवढं तोंड आ वासून बसलंय. ह्याला उपाशी ठिवून पूजा कशी करायची?” ऑफिसला सुट्टी आणि घरात काम नाही, अशी माझी अवस्था. मी चिडून रंकाळ्यावर रस्ता बघायला निघून गेलो. आईचं ते वाक्य मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही.

दसऱ्याला उजाडता उजाडता मी पाने उचलले. सगळे कुंकवानं चिकट झालेले. हेड उचललं तर आतून दोन-चार जोंधळे घरंगळले. घटाला पेरून उरलेले असणार, पाटावर सगळीकडं सांडले होते. मी हेड उलटं करून एकदा आपटलं. आणखी दोन पडले.

“इंदू, हे पुसलं होतंस का?”

“पुसलंय की,” ती म्हणाली. “चकचकीत दिसतंय.”

बाहेरून दिसत होतं खरं. व्हॉल्व्ह, म्हणजे त्या भोकांची आतली झाकणं, मी परवाच बसवून ठेवली होती, त्यांच्या मागं डोकावायला मला वेळ नव्हता. हेड चढवलं, नट आवळले, सायलेन्सर लावला, किक मारली. गाडी सुरू झाली, आणि काय सांगू, आवाजच बदलला होता. आधी कुरकुरायची, आता गुणगुणायला लागली. आईलासुद्धा कळलं. ती म्हणाली, “पोट भरल्यागत वाजतीय.”

रंकाळ्यावर माणसं मावत नव्हती. पंच म्हणून तालमीचे केरबा वस्ताद. हा माणूस म्हणजे दोन माणसं एका सदऱ्यात. त्यांनी कठड्यावर उभं राहून नियम सांगितले. प्रत्येक गाडीची टाकी बंद करायची, हँडलला सलाईनची बाटली टांगायची, तिच्यात पाव लिटर पेट्रोल. बाटली संपेपर्यंत रंकाळ्याला फेऱ्या मारायच्या. “पेट्रोल सोडून दुसरं काय बी इंजिनात घालायचं न्हाई. रॉकेल न्हाई, स्पिरिट न्हाई. सापडला तर बाद.” प्रत्येकाच्या मागं तालमीचा एक माणूस बसणार, कोण ते चिठ्ठीनं.

दौलतरावांच्या चिठ्ठीत एक शिंपी निघाला, फुंकर मारली तर उडेल असा. माझ्या चिठ्ठीत खुद्द वस्ताद.

“वस्ताद, तुम्ही पंच आहात, तुम्ही कसे बसणार?”

“पंचानं जवळनं बघावं,” वस्ताद म्हणाले आणि बसले. गाडीचं पुढचं चाक क्षणभर उचलल्यासारखं झालं.

दौलतराव जवळ आले. “साडूभाऊ, विमा काढलाय न्हवं?”

समोर खुर्चीवर मामा बसले होते. शेजारी बुलेट, तिला झेंडूचा हार. किल्ली मामांच्या सदऱ्याच्या खिशात, तिचं टोक बाहेर दिसत होतं. कडेला आई आणि इंदू. इंदूनं मला हात केला. म्हणजे मला तसं वाटलं, तिची नजर बुलेटवर होती.

शर्यत सुरू झाली. शर्यत म्हणजे सावकाश जायची शर्यत. ज्याला पेट्रोल वाचवायचंय तो पळेल कशाला? दहा-बारा गाड्या सायकलच्या वेगानं निघाल्या, रस्त्यावरून फिरायला आलेले म्हातारे आम्हाला मागं टाकून जात होते. एकानं थांबून विचारलं, “कुणी गेलं व्हय?”

पहिली फेरी झाली, दुसरी झाली. माझ्या बाटलीत पेट्रोल हलेना. मागं एवढा ऐवज बसलेला, तरी गाडी लोण्यातनं गेल्यासारखी. वस्ताद म्हणाले, “उत्तमराव, गाडीला काय केलंय?”

“आतून पॉलिश.”

“बरं वाटतंय,” वस्ताद म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझी एक बाजू खचल्यासारखी वाटली.

बाकीच्या गाड्या एकेक करून बंद पडल्या. उरलो दोघं. दौलतराव माझ्या मागं होते, अगदी चिकटून. मला आधी वाटलं, माणूस घाबरलाय. मग कळलं. ते वस्तादांच्या पाठीचा आडोसा घेऊन येत होते. वारा सगळा आम्ही खायचा, आणि वस्तादांच्या मागच्या शांत जागेत हे आरामात पेट्रोल वाचवणार. मी डावीकडं गेलो, ते डावीकडं. मी उजवीकडं, ते उजवीकडं.

“वस्ताद, हे नियमात बसतं का?”

वस्तादांनी मागं वळून बघितलं. “नियमात आडोशाचं काय न्हाई,” ते म्हणाले. “पर बसाय नको होतं.”

तिसऱ्या फेरीत सायलेन्सर चांगला तापला. आणि फट् असा आवाज झाला.

मी म्हटलं, गाडी गेली. पण गाडी मजेत चालली होती. पुन्हा फट्. मग फट्फट्फट्. वस्ताद मागं वळले. ते शांतपणे म्हणाले, “उत्तमराव, तुमची गाडी लाह्या टाकतीय.”

मी मागं बघितलं. सायलेन्सरमधून पांढऱ्याशुभ्र जोंधळ्याच्या लाह्या उडत होत्या. एक-दोन नाही, नागपंचमीला कढईतून उडतात तशा, आणि सगळ्या सरळ दौलतरावांच्या तोंडावर. ते आडोशाला इतके चिकटून होते की एकही वाया जाईना. मिशीत लाह्या, चष्म्यावर लाह्या. काहीतरी ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, ती त्यांची चूक. मागचा शिंपी त्यांच्या पाठीत तोंड खुपसून बसला होता, त्याला काहीच कळत नव्हतं. तो म्हणत होता, “लगीन हाय का कुणाचं?”

दौलतरावांनी एका हातानं चष्मा पुसायला घेतला आणि रस्ता डावीकडं वळला तेव्हा ते सरळ गेले. पुढं उतार होता, उतारावर म्हशी धुवायला आणल्या होत्या, आणि म्हशींच्या पलीकडं रंकाळा. म्हशींनी वाट दिली. म्हशी समजूतदार असतात. रंकाळ्यानंही दिली.

आम्ही थांबलो नाही, थांबलो तर पेट्रोल वाया. पुढच्या फेरीला त्या ठिकाणी आलो तेव्हा दौलतराव कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. हातात सलाईनची बाटली वर धरलेली. बाटलीत पेट्रोल कमी आणि रंकाळा जास्त होता. शिंपी एका म्हशीला धरून होता.

“साडूभाऊ,” मी हळू करून विचारलं, “ॲव्हरेज किती?”

माझी बाटली संपली तेव्हा माझ्या फेऱ्या सगळ्यांपेक्षा जास्त होत्या, आणि तेसुद्धा वस्तादांना घेऊन. मी मामांच्या समोर गाडी उभी केली आणि त्यांच्या खिशातल्या किल्लीकडं बघत घाम पुसला. माणसं टाळ्या वाजवायला लागली होती. वस्ताद उतरले, गाडी हातभर वर आली. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी पडलेली एक लाही उचलली, फुंकली, तोंडात टाकली.

“जोंधळ्याचीच हाय,” ते म्हणाले. “मीठ कमी पडलंय.”

मग त्यांनी हात वर केला. गर्दी गप्प झाली.

“इंजिनात पेट्रोल सोडून दुसरं काय बी घालायचं न्हाई, असं मी बोललो होतो.”

“वस्ताद, जोंधळा म्हणजे काय इंधन आहे का?” मी म्हणालो.

“मी रोज काय खातो?”

“भाकरी.”

“कशाची?”

“जोंधळ्याची,” मी म्हणालो.

“आन् त्यावर मी हजार जोर काढतोय,” वस्ताद म्हणाले. “मग इंधन न्हाई तर काय हाय?”

तालमीतली चार जाणती माणसं कठड्यावर बसली आणि चर्चा झाली. एकजण म्हणाला, जोंधळा जळला नाही, नुसता फुलला, म्हणून ते इंधन नाही. दुसरा म्हणाला, फुलला तेव्हा मागं जोर लागला असणार, बंदुकीसारखा, म्हणून गाडी पुढं गेली. तिसऱ्यानं विचारलं, जोंधळा शाळू होता का हायब्रीड? त्यावरही थोडं झालं. शेवटी निकाल लागला. गाडी पेट्रोल आणि जोंधळे अशा मिश्र इंधनावर चालली, म्हणून बाद. दौलतरावांच्या बाटलीत पाणी निघालं, म्हणून तेही बाद.

“आई,” मी आईकडं वळलो, “तू हेडमध्ये जोंधळे घातलेस?”

“मूठभर,” आई म्हणाली. “नैवेद्य म्हणून. उपाशी तोंडानं लांब जाता येतं व्हय? आन् गेलास की लांब.”

एवढ्यात दौलतराव ओल्या कपड्यात आले. केसात शेवाळ, मिशीत अजून एक लाही. आम्ही दोघं जावई मामांच्या समोर उभे राहिलो. मामांनी एकदा दौलतरावांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाले, “एक बुडाला, एक फुटला. चला घरी.”

“आबा,” इंदू म्हणाली.

वडिलांना ती आबा म्हणायची. ती पुढं आली. पदर कमरेला खोचलेला होता. कधी खोचला ते मी बघितलं नव्हतं.

“तुम्ही काय म्हणाला होता जेवताना? घरातलं जे कोण पाव लिटरवर लांब जाईल, त्याला किल्ली. जावई म्हणाला नव्हता.”

मामांनी डोळे बारीक केले. त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी तोवर कधी बघितलं नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

“दोघं शून्यावर हायत,” ते म्हणाले. “शून्याच्या पुढं गेलीस की गाडी तुझी. वस्ताद, सलाईन लावा.”

वस्तादांनी बुलेटला बाटली टांगली. इंदूनं गाडीचा हार काढून आईच्या हातात दिला, साडी सावरून टाकीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकले, किक हलकेच दाबून तिचा अंदाज घेतला. मग एक लाथ. बुलेट पहिल्या किकला सुरू झाली. तिथं मला कळलं, ती गेली काही वर्षं कुणाच्या पायानं सुरू होत होती. आणि पोह्यांच्या दिवशी मुलीनं विनोद केला नव्हता.

वस्ताद मागं बसायला निघाले. नियम म्हणजे नियम.

“नको, वस्ताद काका,” इंदू म्हणाली. “माझं ॲव्हरेज पडेल.”

वस्ताद मागं सरले. त्यांना कुणी नको म्हणालेलं रंकाळ्यानं पहिल्यांदाच बघितलं.

ती गेली. सावकाश नाही. पेट्रोल वाचवायचं वगैरे काही नाही. धडधडत, पदर मागं सरळ आडवा, म्हशींच्या पलीकडून वळताना गाडी एका बाजूला झुकवली तेव्हा माझ्या शेजारी उभे असलेले दौलतराव म्हणाले, “साडूभाऊ, हिचा विमा काढलाय का?” पाव लिटरमध्ये बुलेट ती जाऊन जाऊन किती जाणार? दोन फेऱ्या झाल्या आणि बाटली संपली. पण शून्याच्या पुढं जायला तेवढ्या पुष्कळ होत्या.

गाडी थांबली तिथून तिनं मला हाक मारली. मी पळत गेलो. मला वाटलं, ढकलायला बोलावतेय. ती म्हणाली, “टाकी उघडलीय. बसा मागं.”

घरी जाताना मी मागं बसलो. आई माझ्या गाडीवरून आली, वस्तादांच्या मागं. मामांना ओल्या दौलतरावांनी रिक्षातून आणलं. गल्लीत सगळ्यांनी आम्हाला बघितलं. बुलेटवर बसायचं माझं स्वप्न त्या दिवशी पुरं झालं, फक्त सीट चुकली.

आज तीसहून जास्त वर्षं झाली. बुलेट अजून आहे आणि अजून इंदूचीच आहे. मला ती वर्षातून एकदा, माझ्या वाढदिवसाला, गल्लीच्या टोकापर्यंत देते. नवा मिक्सर मी त्याच दिवाळीला आणला. त्याला मी आजवर हात लावलेला नाही. हे मी ठरवलेलं नाही, मला सांगितलेलं आहे.

परवाची खंडेनवमी. आईनं ऐंशी ओलांडलीत, पण पूजा तीच करते. बुलेटला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि मग ती काठी टेकत टेकत मागं गेली. मूठ मिटलेली. सायलेन्सरच्या तोंडाशी वाकली.

इंदूनं तिचं मनगट वरच्या वर धरलं.

“आई, हिच्यात नको.”

“अगं, उपाशी तोंड—”

“राहू दे उपाशी. त्या वेळी तुम्ही एक मूठ घातलीत, तेवढी पुष्कळ होती.”

आईनं तोंड वर करून तिच्याकडं बघितलं. ऐंशी वर्षांची झाली तरी हायकोर्ट ते हायकोर्ट. “एक मूठ?” ती म्हणाली. “लाह्या तर दोन मुठींच्या निघाल्या होत्या.”

मी आरतीचं ताट घेऊन उभा होतो. इंदूनं माझ्या हातातून ताट घेतलं आणि कापूर पेटवला.

“मिक्सर माझा होता,” ती म्हणाली. “चला, आरती म्हणा.”